भेंडी, मोसंबी, केळीचा दांडा: स्वयंपाकघरातल्या फडक्यांवर ठसेकाम

चिंचपेटी

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुन्हा प्लास्टिकचे डबे-चाळण्या लुटायच्या नाहीत असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हा धागा. साधी सुती फडकी घ्यायची, घरातलीच फळं-भाज्या कापून त्यांचे ठसे त्यावर उमटवायचे आणि तेच वाण द्यायचं. हात पुसायला, ताटं कोरडी करायला, टोपलीवर झाकायला रोज वापरात येईल अशी वस्तू.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला भेंडीचे ठसे आपण सगळ्यांनीच काढलेत. पण तो कागद होता, वहीत चिकटवला की काम संपलं. फडकं रोज ओलं होतं, पिळलं जातं, धुतलं जातं. त्यात रंग टिकला पाहिजे आणि फडक्याने पाणीही टिपलं पाहिजे. म्हणून कापडावरचं ठसेकाम थोडं वेगळ्या शिस्तीने करावं लागतं.

माझं ठाम मत असं की ठसे बिघडतात ते पाण्यामुळे. लोक रंगाला दोष देतात. कापलेल्या फळाच्या तोंडावर रसाचा थर असतो. त्यावर रंग लावला की तो रसावर तरंगतो, दाबलं की दोन्ही मिसळून कडेने पसरतं आणि कापडावर नुसता डाग राहतो. म्हणून कापलेलं फळ पालथं करून जुन्या सुती कापडावर ठेवा, कापड ओलं झालं की जागा बदला. सफरचंद, पेरू, बटाटा यांना अर्धा-पाऊण तास पुरतो. लिंबू आणि मोसंबी कापून काही तास उघडी राहू द्या. गर आत बसतो, फोडींमधले पापुद्रे वर उठून दिसतात, आणि ठशात नेमक्या त्याच रेषा हव्या असतात. मीठ लावून पाणी काढायच्या फंदात पडू नका, मिठाने पाणी सुटतच राहतं.

रंग फॅब्रिक कलरच घ्या, कॅमल किंवा फेविक्रिल, स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. साध्या पोस्टर कलरने केलेलं पहिल्या धुण्यात जातं. रंगात पाणी अजिबात घालायचं नाही. फळ रंगात बुडवायचं नाही. ताटलीत स्पंजवर थोडा रंग पसरा आणि त्या स्पंजने फळाच्या तोंडावर टिपत टिपत पातळ थर द्या. खोलगट जागा कोरड्या राहिल्या पाहिजेत, त्याच नक्षीचा अर्धा भाग आहेत.

कापताना लांब पात्याची सरळ सुरी घ्या आणि एका दमात खाली आणा. विळीचं पातं वळलेलं असतं, त्यावर कापलं की तोंड किंचित वळतं आणि ठशाचा मधला भाग उमटत नाही. कापल्यावर फळ काचेवर दाबून खालून बघा, कुठे टेकत नाही ते लगेच दिसतं.

फडक्याखाली जाड घडी घातलेली जुनी चादर हवी. कडक ओट्यावर ठसा अर्धवट येतो. फळ ठेवा, तळव्याने मधून कडेकडे दाबा, एका बाजूने उचला. सरकवायचं नाही. पहिल्या ठशापेक्षा दुसरा बहुधा जास्त सुबक येतो, कारण जादा रंग पहिल्यात निघून जातो. म्हणून रंग लावला की आधी एक ठसा रद्दी कापडावर.

आडवा काप की उभा, यावर सगळं बदलतं. सफरचंद उभं कापलं की सफरचंदच दिसतं, आडवं कापलं की मध्ये पाच पाकळ्यांची चांदणी. पेरू आणि नासपती उभे छान. ढोबळी मिरची आडवी, तीन किंवा चार पाकळ्यांचं फूल मिळतं. दोडक्याला दहा शिरा असतात, आडव्या कापाने दातेरी चक्र येतं आणि ते काठाला ओळीने फार देखणं दिसतं. कारल्याची कड करवती येते. कांद्याची वलयं, कमळकाकडीची भोकं, कोबीच्या उभ्या कापातलं झाड. कमळकाकडी मिळाली तर सोडू नका, ती कडक असते आणि एका तुकड्यावर अख्खं फडकं होतं.

तुमच्याकडे काय काय मिळतं, कशाचा ठसा चांगला येतो, ते इथे लिहा.

मुक्काम_पोस्ट

उत्तम धागा, ताई. कोणतं कापड घ्यायचं तेही सांगा. दुकानात टर्किशचे नॅपकिन जास्त दिसतात.

चिंचपेटी

टर्किश नको. त्याला सुताचे उभे वेटोळे असतात, रंग वेटोळ्यांच्या टोकांवर बसतो आणि नक्षी तुटते. सोलापूरचे टेरी टॉवेल अंग पुसायला सुरेख, ठशाला सपाट विणीचं कापड लागतं. मलमल फार पातळ, रंग आरपार जातो. मांजरपाट, जाडसर केंब्रिक, नाहीतर खादी. खादीचं सूत कमी-जास्त जाड असतं, त्यामुळे लिंबाच्या बारीक रेषा त्यावर हरवतात, पण पेरू-बटाट्याचे मोठे आकार खादीवरच शोभतात.

सूतगिरणी

मी इचलकरंजीचा, घरात यंत्रमाग आहेत. कापडाबद्दल भर घालतो, कारण वर पाण्याचा मुद्दा आला तो कापडालाही लागू आहे.

मागावर उभे धागे सतत घासले जातात. ते तुटू नयेत म्हणून विणायच्या आधी त्यांना खळ चढवतात, आमच्याकडे त्याला सायझिंगच म्हणतात. खळ मुख्यतः स्टार्चची. शिवाय कापसाच्या तंतूवर मूळचा मेणासारखा पातळ थर असतो. मागावरून उतरलेलं कोरं कापड म्हणूनच पाणी पीत नाही. त्यावर थेंब टाका, मोत्यासारखा उभा राहील. अशा कापडावर फॅब्रिक कलर लावला तर तो तंतूला न धरता खळीला धरतो, आणि खळ धुण्यात निघाली की तिच्याबरोबर रंगही निघतो. "रंग टिकत नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथे सुरू होते.

उपाय सोपा. कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवा, सकाळी ते पाणी फेकून द्या. मग मोठ्या पातेल्यात साबण आणि लिटरमागे एक छोटा चमचा धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा आणि स्वच्छ पाण्यात खळबळून काढा. दुकानातून आणलेल्या पांढऱ्या शुभ्र तयार नॅपकिनलाही कडकपणासाठी फिनिशिंग केलेलं असतं. त्याला उकळायची गरज नाही, गरम पाण्यात साबणाने दोनदा धुतलं की पुरे. कापड मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य शेवटच्या पाण्यात घालू नका, त्याचा थर बसतो.

खळ गेली का हे बघायचं असेल तर कापून टाकायच्या कोपऱ्यावर जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब सोडा. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे. पिवळट-तपकिरी राहिलं तर कापड तयार. दुसरी चाचणी पाण्याच्या थेंबाची. पडताक्षणी आत शिरला पाहिजे.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेव्हा धुऊनच मापं घ्या आणि मगच काठ दुमडून शिवा.

पाटावरवंटा

आयोडीनची कल्पना फारच छान, दादा. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग असा कामी येईल असं वाटलं नव्हतं.

मी नागपूरची, त्यामुळे संत्र्याबद्दल मलाच लिहायला हवं. इथे आंबिया बहार आला की घराघरात संत्री असतात आणि ठशासाठी हात आधी तिकडेच जातो. पण संत्र्याची साल सुटी असते, फोडी एकमेकींपासून मोकळ्या, मध्ये पोकळी. कापून दाबलं की फोडी फाकतात आणि गोल मोडतो. खायला जो गुण तोच इथे अडचण. मोसंबीची साल घट्ट चिकटलेली, फोडी आवळून बसलेल्या, म्हणून तिचा गोल शाबूत उमटतो. जालना-संभाजीनगरकडची मोसंबी आमच्याकडे भरपूर येते, ठशांसाठी मी तीच घेते.

संत्र्याचाच ठसा हवा असेल तर अख्खा गोल काढू नका. एकच फोड सुटी करून पापुद्र्यासकट वाऱ्यावर सुकवा आणि तिची कुशी रंगात टिपून उमटवा. चंद्रकोर येते. अशा कोरी गोलात मांडल्या की संत्रं तयार होतं, आणि मधे मधे जागा सुटल्यामुळे ते खऱ्या गोल ठशापेक्षा मोकळं दिसतं. नागपुरी संत्र्याचा रंग हवा असेल तर बाटलीतला नारिंगी घेऊ नका, पिवळ्यात लाल थेंबाथेंबाने मिसळा.

करवंदी

कुडाळहून लिहिते. आमच्याकडे केळीच्या पानाचा दांडा. जेवायला पानं कापली की दांडे उरतातच. आडवा कापला की चंद्रकोरीसारखा आकार आणि आत हवेच्या खणांची जाळी. एवढी बारीक नक्षी कोणी कोरून काढायची म्हटलं तरी निघणार नाही.

पण केळीच्या चिकाला जपा. तो कपड्यावर पडला की तपकिरी डाग कायमचा, हे कोकणात पोरासोरांना ठाऊक आहे. दांडा कापून उभा धरून ठेवा, चीक निथळू द्या, मग पुन्हा टोकाचा पातळ काप काढून टाका आणि ते नवं तोंड फडक्याने टिपून कोरडं करा. एवढं केलं नाही तर ठशाभोवती तपकिरी कड येते आणि ती धुतल्यावर जास्त उठून दिसते. जाळीचे खण चिरडू नयेत म्हणून दाब हलका ठेवा.

दुसरं म्हणजे करमळ, बाजारात कमरख म्हणून मिळतं ते. आडवं कापलं की पाच टोकांची चांदणी, कोरायला काही लागत नाही. पिकून पिवळं झालेलं घेऊ नका, रस फार. हिरवट, कडक असतानाच घ्या. पपईसुद्धा कच्चीच, तिच्या आतल्या पोकळीचा आकार चांदणीसारखा येतो. तिलाही चीक असतो, तेव्हा वरचाच नियम.

गारवेल

काम सुंदर आहे, यात वाद नाही. पण मला खटकतं ते लिहितो. मोसंबी, सफरचंद, कमरख कापून त्यावर रंग फासायचा आणि टाकून द्यायचं, हे मनाला पटत नाही. आपण "अन्न हे पूर्णब्रह्म" म्हणून जेवायला बसतो. लहान मुलांना सोबत घेऊन करणार असू तर त्यांच्या मनात काय रुजेल?

चिंचपेटी

गारवेल, तुमचं म्हणणं मी मनापासून मान्य करते, आणि हा प्रश्न इथे यायलाच हवा होता.

टाकून द्यायच्या भागांतून बरंच काही निघतं. ढोबळी मिरचीचं बूड, ज्याचे तीन-चार उंचवटे असतात, कापून बाजूला काढलं तरी त्याचं फूल उमटतं. भेंडीची देठाकडची टोकं आपण फेकतोच, थोडा लांब तुकडा ठेवला की पाच कप्प्यांचं फूल आणि देठ धरायला मूठ. पालकाच्या जुडीचा बुडखा एका फटक्यात आडवा कापला आणि दोऱ्याने आवळला तर पाकळ्यांवर पाकळ्या असा गुलाब येतो, मला तो सगळ्यात आवडतो. कोबी-फ्लॉवरचे दांडे बटाट्यासारखे भरीव असतात, त्यावर सुरीच्या टोकाने पान कोरता येतं. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग उन्हाळ्यात याच कामाचा.

किडकी, एका बाजूने दबलेली फळं भाजीवाले वेगळी काढतात, तीही चालतात. ठशाला चवीशी देणंघेणं नाही, तोंड कडक असलं की झालं. आणि एका सफरचंदाचं निम्मं खाऊन निम्म्यावर वाणाची सगळी फडकी होतात. प्रत्येक ठशानंतर ते टाकायचं नसतं, पुसून पुन्हा वापरायचं. धुवायचं मात्र नाही, पुन्हा पाणी शिरतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रंग लागलेले तुकडे गाईला घालू नका, कंपोस्टच्या खड्ड्यातही नकोत. फॅब्रिक कलर म्हणजे ॲक्रिलिक, सुकल्यावर ते प्लास्टिकच असतं.

गारवेल

बुडख्यांचा मार्ग पटला. पालकाचा गुलाब आजच करून बघतो. धन्यवाद.

मुक्काम_पोस्ट

ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, मग ते पोळ्यांच्या डब्यात चालेल का? आणि हळद-बीट वगैरे घरगुती रंग वापरता येतील?

चिंचपेटी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गरम पोळ्या रंगवलेल्या भागात गुंडाळू नका. तापलेलं पातेलं धरायला मसोतं म्हणूनही ही फडकी वापरू नका, गरम धातूवर रंग मऊ पडतो. याच कारणाने ठसे फक्त दोन काठांना, साधारण चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात काढावेत. शिंप्याच्या खडूने रेघ मारून घ्या. रंगाखालचं कापड पाणी टिपत नाही, मधला भाग कोरा ठेवला तरच फडकं फडक्याचं काम करेल. अंगभर ठसे काढलेली फडकी फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांनी एक ताटही धड कोरडं होत नाही.

दुसऱ्याचं उत्तर माझ्यापेक्षा निळाशार चांगलं देतील. त्यांना इथे येऊन लिहा असा निरोप ठेवला आहे.

निळाशार

हाक मारल्याबद्दल आभार. मी नोकरीनिमित्त जयपूरला असतो, बगरू हे ठसेछपाईचं गाव इथून जवळ. तिथल्या छीपा कारागिरांकडे जाणं-येणं आहे.

हळद आणि बीट दोन्ही नकोत. बिटाचा रंग सुताला धरतच नाही, पाण्याबरोबर जातो. हळद धरते, पण उन्हात उडते, आणि साबण लागला की लाल होते. हळदीचा डाग लागलेला सदरा साबणाने धुताना सगळ्यांनी हे पाहिलं असेल. स्वयंपाकघरातल्या फडक्याला रोज साबण लागणार.

बगरूत जे करतात त्यातलं एक घरी जमण्यासारखं आहे. तिथे कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवतात. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, ते सुतात बसतं. मग लोखंडाचे गंजके तुकडे आणि गूळ पाण्यात घालून पंधरा दिवसांच्या आसपास आंबवतात. ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने दाट करून लाकडी ठशाने छापतात. लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तिथल्या तिथे सुतात तयार होतो. याला स्याही म्हणतात. तुरटीच्या लगद्याने छापून नंतर लाल चढवतात, ते बेगार. चिंचोक्याचं पीठ कशासाठी, तर पाणी पसरू नये म्हणून. चिंचपेटी ताईंनी वर फळाबद्दल जे लिहिलं तेच.

छापायचं टेबलही उशीसारखं मऊ असतं, कापडाचे थर एकावर एक अंथरलेले. कारागीर ठसा ठेवतो आणि मुठीच्या बाजूने वर एक ठोका देतो.

घरी हिरड्याऐवजी डाळिंबाच्या सालीचं उकळलेलं पाणी चालतं, तिच्यातही टॅनिन भरपूर. मग भेंडी, दोडका, बटाटा यांनी लोखंडाचं दाट पाणी छापा. फिकट राखाडीपासून काळ्यापर्यंत छटा येतात. लिंबू-मोसंबी मात्र या रंगाला चालत नाहीत. त्यांचं आम्ल लोह सोडवून घेतं, काळं व्हायच्या जागी फिकट ठिपका पडतो. गंजाचे डाग आपण लिंबाने काढतो त्यामागे हेच कारण. पण हाच गुण उलट वापरता येतो: अख्खं कापड डाळिंब-लोखंडाने राखाडी करून घ्या आणि त्यावर ताज्या कापलेल्या, रसाळ लिंबाचा ठसा द्या. थोड्या वेळाने धुतलं की राखाडीवर फिकट लिंबू उमटलेलं असतं. इथे एकदाच काय तो रस हवा.

लोखंडाचं पाणी बेताने वापरा. लोह जास्त झालं की सुती कापड काही काळाने त्या जागी कुजतं.

करवंदी

रसाळ लिंबाने फिकट ठसा! हे मला माहीत नव्हतं. नक्की करणार.

फळाच्या रसावरून एक सावधगिरीची सूचना. आमच्या आजीच्या काळात परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करत, चुना लावून ती पक्की करत. ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नसे. कोणाला वाटेल की हा आयताच पक्का रंग आहे. कृपया बिब्ब्याच्या वाटेला जाऊ नका. रस कातडीला लागला तर फोड येतात, आणि कोणाकोणाला फार मोठा त्रास होतो. काजूच्या बीच्या टरफलातलं तेलही तसंच. मुलं असतील तर हे दोन्ही घरात नकोच.

खडीसाखर

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांसाठी भेंडीला तोड नाही. देठ हातात बसतं, तोंड लहान असतं, रस कमी, चिकटपणा मात्र असतो, तो टिपून घ्या. बटाट्याला पाठीमागून दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन मध्ये मूठ ठेवावी. काटा खुपसून मूठ करण्यापेक्षा हे बरं, मुलांच्या हातून काटा निसटतो.

मुलं ठसा दाबून वर गोल फिरवतात. त्यांना आधी रंग न लावता कोरडाच सराव द्या: ठेव, दाब, उचल. आणि रंगाची बाटली हातात न देता प्रत्येक ताटलीत एकच रंग. दोन फळं एका ताटलीत गेली की सगळं मातकट होतं. कापायचं काम मोठ्यांनीच करायचं.

पहिलीतल्या मुलांना मी आधी विचारते, सफरचंद आडवं कापलं तर आत काय दिसेल? चांदणी बघितल्यावरचे त्यांचे चेहरे! भेंडीला किती कप्पे, ढोबळीला किती, असं मोजत मोजत तास कधी संपतो कळत नाही.

दूरदेशी

धागा आवडला. सध्या लीड्सला असते, त्याआधी काही काळ घानात कुमासीला होतो. फळापासून ठसा करायची एक फार जुनी रीत तिथे जवळून बघता आली, म्हणून लिहिते.

कुमासीजवळ न्तोन्सो नावाचं गाव आहे. तिथे असांते लोकांचं आदिंक्रा कापड छापलं जातं. ठसे लाकडाचे नसतात, वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचे असतात, आपण सतारीला, एकतारीला वापरतो त्या जातीच्या भोपळ्याचे. कवटीचा तुकडा कापायचा, बाहेरच्या अंगावर चिन्ह कोरायचं आणि आतल्या बाजूने काड्या बांधून मूठ करायची. कवटी मुळात वळलेली असते, त्यामुळे ठसा कापडावर टेकवून एका कडेकडून दुसरीकडे झुलवत उमटवतात. सरळ दाबायचा नसतोच. सपाट तोंड हवं हा आपला नियम तिथे असा सुटतो.

काळा रंग बादिए नावाच्या झाडाच्या सालीचा. साल भिजवून, कुटून, मग घट्ट होईपर्यंत उकळायची. पाणी आटवण्यातच सगळा वेळ जातो. कापड ताणून, खाली मऊ गादी घालून पसरतात. पूर्वापार हे कापड अंत्यविधीला नेसायचं, आता आनंदाच्या प्रसंगीही वापरतात. प्रत्येक चिन्हाला नाव आणि अर्थ असतो. इंग्रज प्रवासी थॉमस बाउडिच यांनी १८१७ मध्ये मिळवलेलं एक आदिंक्रा कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, जपून राहिलेल्यांपैकी सगळ्यात जुनं तेच मानतात. दोनशे वर्षांपूर्वीचे भोपळ्याचे ठसे त्यावर आजही स्पष्ट दिसतात.

इथे लीड्सला करमळ महाग, पण पाकचोय ही चिनी पालेभाजी मिळते. तिचा बुडखा कापला की पालकापेक्षा मोठा गुलाब येतो. लिननचे, म्हणजे जवसाच्या सुताचे पातळ टी टॉवेल (ताटं पुसायची फडकी) इथे सगळीकडे असतात, त्यावर रेषा फार स्वच्छ येतात.

सूतगिरणी

कवटीचा ठसा झुलवून उमटवायचा, हे वाचून आनंद झाला. पंढरपूर भागात सतारीसाठी भोपळे पिकवतात आणि ते मिरजेला वाद्यं करणाऱ्यांकडे जातात. तडकलेले भोपळे वाद्याला चालत नाहीत. मिरजेत ओळखीचे कारागीर आहेत, त्यांच्याकडे असे तुकडे मिळतील का विचारतो. एकदा कोरला की असा ठसा वर्षानुवर्षं टिकेल, आणि गारवेल यांची शंकाही मिटेल.

गारवेल

तुकडे मिळाले तर मलाही कळवा. पालकाचा गुलाब जमला. मुलीने दोरा आवळून धरला, मी रंग टिपला. खादीच्या पंच्यावर गर्द हिरव्यात काढलाय. रंग पक्का करायला इस्त्री फिरवतात म्हणे, त्याबद्दल नीट सांगाल का? किती वेळ, कधी?

चिंचपेटी

वा, गारवेल! खादीवर हिरवा गुलाब, फोटो टाकाच.

इस्त्री घाईने करायची नाही. रंग सावलीत पूर्ण सुकू द्या, किमान एक अख्खा दिवस. मग फडकं उलटं करून, ठशाखाली साधं कापड ठेवून, सुती कपड्यांच्या तापमानावर इस्त्री फिरवा. वाफ बंद ठेवा. इस्त्री एका जागी थांबवू नका, पण प्रत्येक भागाला तीन-चार मिनिटं उष्णता मिळाली पाहिजे. रंगातलं पाणी उडून गेल्यावर ॲक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतात, उष्णतेने तो पापुद्रा सुताभोवती घट्ट बसतो. यानंतरही तीन दिवस धुवायचं नाही. तुमच्या बाटलीवर काही वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा, प्रत्येक कंपनीचं थोडं निराळं असतं.

मुक्काम_पोस्ट

शेवटचा प्रश्न. गडद निळ्या कापडावर पिवळी मोसंबी काढायची आहे. रंग दिसत नाही, हिरवट होतो.

पाटावरवंटा

साधे फॅब्रिक कलर पारदर्शक असतात, खालचा निळा वर येतो. आधी पांढऱ्याने ठसा द्या, तो पूर्ण सुकू द्या, मग त्याच मोसंबीने त्याच जागी पिवळा. ठसा तंतोतंत जुळण्यासाठी मोसंबीच्या सालीवर वरच्या बाजूला पेनने बाण काढून ठेवा आणि दोन्ही वेळा बाण काठाकडे धरा. किंचित सरकला तर पांढरी कड राहते, तीही निळ्यावर शोभते. नाहीतर दुकानात अपारदर्शक किंवा मोत्याच्या झळाळीचे रंग मागा.

खडीसाखर

चिंचपेटी ताई, वाणाबरोबर धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी द्यायची आहे. मजकूर सुचवाल का? शाळेच्या बायकांसाठीही तीच वापरेन.

चिंचपेटी

मी जाड कागदाच्या पट्टीवर हे लिहून सुईदोऱ्याने कोपऱ्याला टाचते:

"हाताने ठसे काढलेलं सुती फडकं. गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवावं. सोड्यात किंवा ब्लीचमध्ये भिजवू नये, ठशांवर ब्रश घासू नये. उलटं करून सावलीत वाळवावं, इस्त्री उलट्या बाजूने. गरम भांडं धरू नये."

खाली कशाचा ठसा आहे तेही लिहा. दोडक्याचं चक्र आणि पालकाचा गुलाब बघून कोणाला ओळखता येत नाही, आणि मग हळदीकुंकवाला त्यावरच गप्पा रंगतात.